फायबरच्या बोटीचा जुना तळरंग असा काढा, जेलकोटला धक्का न लावता

फायबरच्या बोटीचा तळरंग, म्हणजे समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून पाण्याखालच्या भागाला दिलेला रंग, काढायला घेतला की पहिल्याच दिवशी एक मोह होतो: ग्राइंडर लावू आणि दोन तासांत मोकळे होऊ. रंग दोन तासांत जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर जेलकोटही जातो. जेलकोट म्हणजे फायबरच्या अंगावरची रेझिनची कातडी. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, कुठे त्याहून थोडी जास्त. आतल्या काचधाग्यांपर्यंत पाणी पोचू न देणं हे तिचं काम. जुना रंग थोडा राहिला तर पुढच्या वर्षी निघेल. खरवडून गेलेला जेलकोट मात्र परत येत नाही, त्याच्या जागी इपॉक्सीचे पाच-सहा हात द्यावे लागतात आणि त्याचा खर्च तळरंगापेक्षा जास्त येतो. खाली जे काही सांगितलंय ते याच एका हिशोबाने.

उदाहरणासाठी एक बोट धरू: पाणरेषेवर साडेसात मीटर लांब, २.२ मीटर रुंद, पाण्यात अर्धा मीटर बुडणारी. पसरट तळाच्या बोटीचं क्षेत्रफळ काढायला लांबी गुणिले (रुंदी अधिक बुडती खोली) हे सूत्र पुरतं. म्हणजे ७.५ × २.७, साधारण २० चौरस मीटर. पुढची मापं या बोटीची आहेत, आपल्या बोटीनुसार कमी-जास्त करा.

१. सगळा रंग काढायलाच हवा का, हे आधी ठरवा

बऱ्याचदा नको असतो. रंग घट्ट धरून असेल आणि त्यावर त्याच जातीचा नवा रंग द्यायचा असेल तर पाण्याने धुऊन, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवला की झालं.

चाचणी सोपी आहे. ब्लेडने रंगात फुली मारा, तिच्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे कपटे आले तर खालचा थर सुटलाय. अशी चाचणी दहा-बारा ठिकाणी करा. पाणरेषेजवळ, कण्याजवळ आणि मागे पंख्याच्या वर नक्की करा, कारण रंग तिथे आधी सुटतो.

पूर्ण काढणं तीन वेळा अटळ असतं: पोपडे बऱ्याच ठिकाणी सुटलेत, थर फार जाड झालेत, किंवा आधीच्या रंगाशी न जमणारा रंग द्यायचाय. जाडीचा अंदाज असा. एक हात वाळल्यावर सुमारे ५० मायक्रॉन भरतो. न झिजणारा कडक रंग वर्षाला दोन हात असा दहा वर्षं चढवला तर एक मिलिमीटर. वीस चौरस मीटरवर हा थर वीस लिटर घनफळाचा होतो, आणि त्यात तांबं असल्यामुळे वजन चाळीस किलोच्या आसपास जातं. म्हणजे बोट दरवेळी एक जास्तीचं, तेही खडबडीत, ओझं घेऊन समुद्रात जाते.

रंग कोणत्या जातीचा आहे ते ओल्या फडक्याने घासून कळतं. फडक्याला रंग सहज लागला तर झिजणारा, नाही लागला तर कडक. झिजणारा पटकन निघतो. कडक रंग घाम काढतो.

२. दिवस धरताना उधाण आणि पाऊस दोन्ही बघा

किनाऱ्यावर ओढून काम करायचं असेल तर बोट अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला वर चढते, आणि वर चढली की पुढच्या उधाणाशिवाय सहसा खाली उतरत नाही. भांगाच्या, म्हणजे मधल्या दिवसांतल्या लहान भरतीचं पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणजे हाती चौदा-पंधरा दिवस. दोन माणसांना या बोटीचा रंग काढायला चार-पाच दिवस, तळ वाळायला काही दिवस, प्रायमर आणि रंगाला तीन-चार दिवस. हिशोब जमतो, पण मध्ये पाऊस आला तर कोलमडतो.

मासेमारीच्या बोटी जूनमध्ये बंदी लागली की शाकारतात, पर्यटनाच्या बोटी मेअखेर ते ऑगस्टअखेर बाहेर असतात. वेळ भरपूर मिळतो, हवा मात्र ओली. खरवडणं आणि ओलं घासणं ताडपत्रीखाली पावसातही करता येतं. प्रायमर आणि रंग देता येत नाहीत. त्याला हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि तळाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. म्हणून जमत असेल तर बोट मेमध्येच आठवडाभर आधी वर घ्या आणि इपॉक्सी पाऊस लागण्याआधी मारून टाका.

३. सामान

- कार्बाइड पातीचं ओढायचं स्क्रेपर, ५० मि.मी. रुंद, आणि दोन जादा पाती
- प्लास्टिकचं रुंद स्क्रेपर, केमिकलनंतरच्या कामासाठी
- १५० मि.मी.चा ऑर्बिटल सँडर, धूळ ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूमला जोडता येईल असा
- ८० नंबरच्या ५० ते ६० चकत्या, १२० नंबरच्या दहा
- ओल्या घासकामासाठी ८० नंबरचा वॉटर पेपर आणि रबरी ठोकळा
- फायबरवर चालतो असं डब्यावर लिहिलेला पेंट स्ट्रिपर, ८ ते १० लिटर (एका लिटरमध्ये जाड थराने दोन-अडीच चौरस मीटर होतात)
- जाड ताडपत्री दोन, पातळ प्लास्टिकचा रोल, मास्किंग टेप
- रबरी अर्धमुखी मास्क: धुळीसाठी पी-१०० फिल्टर, केमिकल आणि ॲसिटोनसाठी ऑर्गॅनिक व्हेपर कार्ट्रिज
- बंद गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, अंगभर डिस्पोजेबल सूट
- ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड
- कचऱ्यासाठी जाड पिशव्या आणि झाकणाचं पिंप

हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘पेंट रिमूव्हर’ मागू नका. लोखंडी ग्रिलसाठी मिळणाऱ्या अशा डब्यात बहुधा मेथिलिन क्लोराइड असतं. ते लोखंडाला काही करत नाही, पण जेलकोट म्हणजे पॉलिएस्टर, तो त्याने फुगतो आणि मऊ पडतो. डब्यावर फायबर किंवा जेलकोटचा उल्लेख नसेल तर तो डबा घेऊ नका. कॉस्टिक सोडाही नको.

मास्कवर पैसे वाचवू नका. तळरंगात क्युप्रस ऑक्साइड असतं, समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून घातलेलं विषच ते. फार जुन्या बोटीवर तळाशी ट्रायब्युटिल टिनचे थरही असू शकतात. त्याच्यावरच्या बंदीचा आंतरराष्ट्रीय करार १७ सप्टेंबर २००८ला लागू झाला, म्हणजे त्याआधीची बोट असेल तर संशय धरायचाच. तोंडाला गमछा बांधून किंवा साधा सर्जिकल मास्क लावून ही धूळ थांबत नाही.

४. बोट वर आली त्याच तासाला धुवा

हे उद्यावर टाकू नका. शेवाळ आणि बार्नॅकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) ओले असतात तोवर प्रेशर वॉशर आणि प्लास्टिकच्या स्क्रेपरने निघतात. एक ऊन खाल्लं की तेच सिमेंटसारखे बसतात आणि मग प्रत्येकाशी वेगळं भांडण. बार्नॅकल निघाल्यावर मागे पांढरी गोल चकती उरते. ती चुनखडीची, सौम्य ॲसिडने सुटते. ॲसिड झिंकच्या ठोकळ्यांना (गंज स्वतःवर ओढून घेणाऱ्या), ॲल्युमिनियमच्या लेगला (इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागाला) किंवा गॅल्व्हनाइज्ड ट्रॉलीला लागता कामा नये, आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं.

बोट टेकवताना सगळं वजन कण्याखालच्या लाकडी ठोकळ्यांवर हवं. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. टायर आणि वाळूच्या गोणींवर टेकवलेल्या बोटीखाली आडवं पडून काम करू नका, पावसाच्या पाण्याने खालची वाळू सरकते. टेकूखालची जागा साफ करायची तर आधी शेजारी दुसरा टेकू घट्ट बसवायचा, मगच पहिला काढायचा. एका वेळी एकच.

५. रंगाला खिडकी पाडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी हीच जेलकोट वाचवते.

तळावर एक वीतभर चौकोन निवडा. ओल्या वॉटर पेपरने मधोमध हळूहळू गोल घासत जा. थोड्या वेळाने तिथे कांदा आडवा कापल्यासारखी वलयं दिसू लागतील: बाहेर परवाचा निळा, त्याच्या आत आधीच्या मालकाचा लाल, मग पुन्हा निळा, मग राखाडी किंवा चंदेरी प्रायमर, आणि अगदी मध्ये जेलकोट, बहुधा पांढरा आणि दातासारखा गुळगुळीत. या वलयांचा फोटो काढून ठेवा. संपूर्ण काम होईपर्यंत हाच नकाशा.

अशा चार खिडक्या पाडा. चारही ठिकाणी राखाडी प्रायमर घट्ट दिसला तर नशीब चांगलं: प्रायमरपाशीच थांबायचं, जेलकोटपर्यंत जायचंच नाही. घट्ट इपॉक्सी काढून पुन्हा इपॉक्सी मारण्यात कसलाही फायदा नाही. प्रायमर नसेल आणि रंग थेट जेलकोटवर असेल तर जेलकोटची पहिली झाक दिसली की हात हलका करायचा. जेलकोटमध्ये पिवळसर-हिरवट, जाळीदार काही दिसलं तर ते काचधागे. कोणीतरी तुमच्या आधी ग्राइंडर लावून गेलंय.

६. सुटलेलं आधी खरवडा

स्क्रेपरच्या पातीची दोन्ही टोकं कानशीने गोल करून घ्या. नव्या पातीचं टोकदार कोपर जेलकोटमध्ये चर पाडतं, आणि ते चर भरण्यात नंतर एक अख्खा दिवस जातो. पाती तळाशी साधारण ४५ अंशांत धरा, दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा, लांब आणि सारख्या दाबाने. पोपडे सुटले असतील तर एका चौरस मीटरला अर्धा तास, घट्ट असेल तर तासही लागतो. पाती बोथट झाली की आपण नकळत जोर वाढवतो आणि ती घसरते. जोर वाढवावासा वाटला की पाती बदलायची वेळ झाली असं समजा.

हीट गन वापरू नका. रंग मऊ होतो, पण विषारी धूर निघतो आणि जेलकोटला फोड येतात. तारेचा ब्रश आणि स्टील वूलही नको, त्यांचे तुटलेले तंतू तळात रुततात आणि पुढच्या हंगामात तांबडे ठिपके होऊन वर येतात.

७. जाड थरांना केमिकल

आधी एक फूट चौकोनावर करून बघा, दोन वेळा: एकावर एक तास, दुसऱ्यावर तीन तास. डब्यावरची कमाल वेळ ओलांडू नका. त्यावरून तुमच्या थरांना किती वेळ लागतो ते कळतं.

प्लास्टिकचे थ्रू-हल (तळातून आरपार जाणारी पाण्याची तोंडं), खोली मोजणाऱ्या साउंडरचा ट्रान्सड्यूसर आणि पाणरेषेच्या वरचा रंग आधी टेप आणि प्लास्टिकने झाकून घ्या. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला स्ट्रिपर किंवा थिनर लागला तर तो कामातून गेला. त्याच्यावरचा रंग बारीक पॉलिश पेपरने हातानेच काढायचा.

स्ट्रिपर ब्रशने एकाच दिशेने, साधारण अर्धा मिलिमीटर जाड ओढा. घराच्या भिंतीसारखं पुन्हापुन्हा घोटू नका, वरची साय मोडते आणि तो उडून जातो. मेच्या उन्हात तर वीस मिनिटांत वाळून खडखडीत होईल आणि काम काहीच करणार नाही. म्हणून सकाळी लवकर, सावलीच्या बाजूला, एका वेळी तीन-चार चौरस मीटर, आणि लावल्या लावल्या पातळ प्लास्टिक चिकटवून झाकायचं. रंग चिखलासारखा मऊ झाला की प्लास्टिक स्क्रेपरने वरून खाली ओढा. दहा-पंधरा थर एका दमात निघत नाहीत, दुसरी फेरी धरूनच चाला. शेवटी नायलॉन ब्रश आणि गोड्या पाण्याने चोळून धुवा. स्ट्रिपरचा अंश राहिला तर नवा प्रायमर तिथे धरत नाही.

८. उरलेलं सँडरने

इथे धीर सुटतो, म्हणून इथेच जेलकोट जातो. ८० नंबरच्या खाली उतरू नका. ४० किंवा ३६ने रंग लवकर जातो, पण त्याचे ओरखडे जेलकोटमध्ये खोलवर जातात. सँडर सपाट टेकवा आणि त्याच्याच वजनाने चालू द्या. कड तिरकी दाबली की तळावर अर्धचंद्रासारख्या खाचा पडतात. आत्ता दिसत नाहीत, नवा रंग दिल्यावर उन्हात एकेक मोजता येते. मशीन एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबवू नका. कडेच्या रेषा, कण्याची धार, पाण्याखालचे कोपरे हातानेच घासा. धारेवर जेलकोट मुळातच पातळ असतो.

चकती रंगाने भरली की ती घासत नाही, नुसती तापते. झटका किंवा बदला.

सगळे डाग घालवायच्या मागे लागू नका. जेलकोटवर निळसर छटा, बारीक खळग्यांमध्ये लाल ठिपके राहू द्या. ते घट्ट आहेत म्हणूनच राहिलेत, आणि त्यांच्यावरून प्रायमर व्यवस्थित बसतो. पांढराशुभ्र तळ फोटोत छान दिसतो, तेवढंच.

कोरडं घासताना वाऱ्याकडे बघा. दुपारी समुद्रावरून वारं सुटतं आणि धूळ थेट गावात जाते. सकाळी वारा पडलेला असताना घासा. शेजारी जाळी पसरलेली असतील किंवा वलांडीवर बोंबील वाळत असतील तर कोरडं घासणं पूर्ण टाळा, व्हॅक्यूम असला तरी. तिथे वॉटर पेपरने ओलं घासा. ओल्यात वीज नको, म्हणजे सगळं हाताने. वेळ दुप्पट लागतो.

९. कचरा पुळणीत पुरायचा नाही

खाली दोन ताडपत्र्या, कडा वर वळवून वाफ्यासारख्या. दिवसाचं काम संपलं की कपटे, चकत्या, चिखल, वापरलेले सूट पिशवीत बांधा. ओल्या घासकामाचं पाणी पिंपात निवळू द्या, तळाचा गाळ वेगळा बांधा. वरचं पाणीसुद्धा खाडीत किंवा गटारात ओतू नका, तांबं त्यातही असतं. हा घातक कचरा आहे. घंटागाडीत टाकू नका आणि जाळूही नका. बोटयार्डात काम करत असाल तर त्यांचा अधिकृत कचरा उचलणाऱ्याशी करार असतो का, हे बोट वर घेण्याआधीच विचारून घ्या. गावच्या किनाऱ्यावर करत असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अधिकृत उचलणारे कोण ते विचारा आणि तोवर झाकणबंद पिंप सावलीत ठेवा.

१०. उघड्या तळाची तपासणी

रंग गेल्यावर तळावर मसुराएवढे ते रुपयाएवढे फुगवटे दिसले तर गॉगल लावूनच टोचा, आत दाब असतो आणि पाणी उडतं. ते चिकट असेल आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास असेल तर तो ऑस्मोसिस: पाणी जेलकोटमधून आत शिरून रेझिनशी भिडलंय. मोजके फोड असतील तर प्रत्येक फोड कडेने उतरता कापून उघडा, काही दिवस रोज गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी लांबी (पुट्टी) भरा. गाडीच्या डेंटिंगची लांबी इथे चालत नाही. ती पॉलिएस्टरची, पाणी पिते आणि वर्षभरात फुगून बाहेर येते. फोड शेकड्याने असतील तर रंगाचा विचार सोडा आणि फायबरच्या जाणकाराला बोलवा.

तळ वाळला का, हे हात लावून कळत नाही. एक फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून सावलीतल्या भागावर चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर तळ अजून ओला आहे. थांबा आणि पुन्हा लावा.

११. प्रायमर, रंग आणि पुन्हा पाणी

वाळलेल्या तळावर ८० नंबरचा सारखा खरखरीतपणा हवा, चकाकी कुठेच नको. मग दोन फडक्यांची पद्धत: एका हातात ॲसिटोनचं ओलं फडकं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने पुसलं की वाळायच्या आत कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसलं तर मळ फक्त पसरतो. जवळपास बिडी-काडी नको.

जेलकोट शाबूत असेल तर इपॉक्सी प्रायमरचे एक-दोन हात पुरतात. जेलकोट जागोजागी गेला असेल किंवा फोड होते, तर पाण्याला अडवणारं इपॉक्सी पाच-सहा हात, वाळून एकूण २५० मायक्रॉन. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय पुढचा पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर साय आतच घासली जाते.

शेवटच्या इपॉक्सीवर तळरंगाचा पहिला हात कधी द्यायचा, ते अंगठा सांगतो. दाबल्यावर ठसा उमटतो पण अंगठ्याला काही लागत नाही, तीच वेळ. दमट संध्याकाळी ही वेळ एक-दोन तासांतच निघून जाऊ शकते, म्हणून रंगाचा डबा ढवळून तयार ठेवा. चुकली तर इपॉक्सी पूर्ण कडक होऊ द्या आणि घासून पुन्हा सुरू करा.

रंग दोन हात, मिळून चार-पाच लिटर. पहिला हात वेगळ्या रंगाचा द्या, लाल समजा, वर निळा. पुढच्या वर्षी निळ्यातून लाल डोकावला की कुठे झिजलंय ते लगेच कळतं. झिंकवर रंग लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या आउटबोर्ड लेगला तांब्याचा रंग तर अजिबात नको, आणि तळावरचा रंगही लेगपासून थोडं अंतर सोडून थांबवा. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात शेजारी आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

टेकू सरकवून त्यांच्या खालच्या जागाही दोन हातांनी भरून घ्या. बोट उधाणाच्या भरतीला उतरवताना हीच ठिगळं राहून जातात आणि बार्नॅकल नेमके तिथेच बसतात. रंगाचं नाव, जात, किती हात, कोणत्या तारखेला, हे मार्करने केबिनमधल्या एखाद्या कप्प्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. रिकाम्या डब्याचा फोटो वर्षभरात मोबाइलमध्ये हरवतो.